सनद देणाऱ्यांचे उत्तरदायित्व

ज्याच्यापाशी थोडेफार भांडवल आहे त्याला किराणा मालाचे दुकान काढता येते. दवाखाना काढता येत नाही. दवाखान्यासाठी पदवी लागते आणि नुसती पदवीही पुरत नाही. वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. महाराष्ट्रात नोंदणीवाचून वैद्यकीय व्यवसाय करणे हा १९६१ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. वकिली असो, सनदी लेखापालाचा व्यवसाय असो, सर्वत्र हीच रीत आहे. समाज काही मोजक्या माणसांना एक विशिष्ट काम करण्याची मुभा देतो आणि बाकीच्यांना त्या कामापासून कायद्याने दूर ठेवतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही मक्तेदारीच होय. फरक इतकाच की ती समाजाने समजून-उमजून दिलेली आहे.

ती का द्यावी लागते, याचे शास्त्रशुद्ध विवेचन केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात केले. तांदूळ चांगला की वाईट, हे गिऱ्हाइकाला मूठभर हातात घेऊन पाहता येते. शस्त्रक्रिया आवश्यक होती की नव्हती, ती नीट झाली की नाही, हे रुग्णाला आधी कळत नाही आणि पुष्कळदा नंतरही कळत नाही. विकणाऱ्यापाशी ज्ञान आणि घेणाऱ्यापाशी केवळ विश्वास, असा हा विषम व्यवहार आहे. तो बाजाराच्या भरवशावर सोडता येत नाही, म्हणून समाज सनद निर्माण करतो. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालीच याला आक्षेप घेतला होता. सनदेच्या नावाखाली धंदेवाईक मंडळी आपली संख्या मर्यादित ठेवतात आणि आपले उत्पन्न वाढवतात, असा त्यांचा दावा होता. पुढे १९७१ मध्ये जॉर्ज स्टिग्लर यांनी त्याहून पुढची पायरी गाठली. ज्या धंद्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी यंत्रणा उभी राहते, तो धंदाच कालांतराने त्या यंत्रणेचा ताबा घेतो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या वादात कोणाची बाजू खरी, याची कसोटी सनद देण्याच्या प्रसंगी लागत नाही. ती सनदधारकाविरुद्ध तक्रार आली की लागते. मक्तेदारीच्या बदल्यात व्यवसायाने समाजाला एक वचन दिलेले असते: आमच्यापैकी कोणी चुकला तर आम्हीच त्याला जाब विचारू. हे वचन कितपत पाळले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणादाखल वैद्यकीय व्यवसाय घेतला आहे, कारण त्याच्याशी संबंध येत नाही असे घर नाही.

तीन दरवाजे

डॉक्टरच्या हातून हानी झाली असे वाटणाऱ्या माणसापुढे आज तीन दरवाजे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला ग्राहक आयोगाचा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वैद्यकीय सेवा येते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मिटवला आणि मोबदला घेऊन दिलेली सेवा त्याच्या कक्षेत आणली. येथे मिळते ती नुकसानभरपाई. दुसरा दरवाजा फौजदारीचा. तेथे शिक्षा होऊ शकते. परंतु २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की डॉक्टरवर फौजदारी खटला चालवण्यास साधी चूक पुरेशी नाही, ढोबळ आणि घोर निष्काळजीपणा दिसावयास हवा, व त्यापूर्वी दुसऱ्या निःपक्ष डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. ते योग्यच होते. अन्यथा अवघड शस्त्रक्रियेला हात घालण्यास कोणी धजणार नाही.

तिसरा दरवाजा वैद्यक परिषदेचा. येथे पैसे मिळत नाहीत आणि तुरुंगवासही होत नाही. येथे एकच प्रश्न विचारला जातो: हा मनुष्य व्यवसाय करण्यास पात्र राहिला आहे काय? महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ याच्या बाविसाव्या कलमान्वये चौकशीअंती दोषी ठरलेल्या डॉक्टरला परिषद ताकीद देऊ शकते, त्याचे नाव ठरावीक मुदतीसाठी नोंदवहीतून काढू शकते किंवा कायमचे काढू शकते. भरपाईने एका कुटुंबाचे अश्रू पुसले जातील. पण उद्या त्याच टेबलावर झोपणाऱ्या दुसऱ्या रुग्णाचे रक्षण केवळ हा तिसरा दरवाजाच करू शकतो. म्हणून सार्वजनिक हिताच्या दृष्टीने तिहींत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आणि नेमका तोच सर्वांत अरुंद आहे.

एका शिक्षकाची वाट

समजा, गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या प्राथमिक शिक्षकाची पत्नी खाजगी रुग्णालयातील शस्त्रक्रियेनंतर दगावली. त्याला पैसा नको आहे. काय घडले ते कळावयास हवे आहे. पहिली पायरी म्हणजे रुग्णालयातील कागदपत्रे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ती देणे डॉक्टरला बंधनकारक आहे. गोपनीयतेच्या सबबीखाली रुग्णालयाला ती रुग्णापासून वा त्याच्या नातलगांपासून दडवता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयानेही १९९० च्या दशकात बजावले आहे. तरीही दुःखात बुडालेल्या माणसाला हा नियम ठाऊक नसतो आणि तो त्याला सांगण्याची कोणाला निकड वाटत नाही.

कागद हाती आले की लेखी तक्रार मुंबईच्या कार्यालयात जाते. डॉक्टरचा खुलासा मागवला जातो, तज्ज्ञांचे मत घेतले जाते, सुनावणीच्या तारखा पडतात. प्रत्येक तारीख म्हणजे या शिक्षकाच्या दोन-तीन किरकोळ रजा आणि रेल्वेचा खर्च. आचारसंहितेत डॉक्टरला स्वतः अथवा वकिलामार्फत बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे स्पष्ट लिहिले आहे. तक्रारदाराला काय द्यावे, याविषयी तेवढी स्पष्टता नाही. तो या साऱ्या कामकाजात पक्षकारही नाही आणि पुरता साक्षीदारही नाही. दारात उभा राहून आत काय चालले आहे याचा कानोसा घ्यावा, तशी त्याची अवस्था असते.

निर्णयाला मुदत नाही असे मात्र नाही. त्याच आचारसंहितेने तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असे सांगितले आहे. परंतु ती मुदत उलटली तर आपोआप काही घडत नाही. कोणीतरी कळवले, तर वरिष्ठ परिषद राज्य परिषदेला तगादा लावू शकेल किंवा प्रकरण स्वतःकडे घेऊ शकेल, एवढेच. ज्या नियमाचा भंग झाल्यावर कोणाचेही काही बिघडत नाही, त्याला नियम न म्हणता सदिच्छा म्हणणेच अधिक योग्य.

अपील कोणाचे?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. २००२ च्या आचारसंहितेत नंतर जोडलेल्या तरतुदीने राज्य परिषदेच्या निर्णयाने ‘व्यथित’ झालेल्या कोणाही व्यक्तीला साठ दिवसांत भारतीय वैद्यक परिषदेकडे अपील करण्याचा हक्क दिला होता. ‘कोणाही व्यक्तीला’ या शब्दांत रुग्ण आला, त्याची विधवा आली, त्याचा मुलगा आला. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या कारभाराचे धिंडवडे निघाले. २०१० मध्ये सरकारला ती बरखास्त करावी लागली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. आणि अखेर २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा झाला. सप्टेंबर २०२० पासून आयोगाने कारभार हाती घेतला. सुधारणेच्या नावाने आलेल्या या कायद्याच्या तिसाव्या कलमात राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपील करण्याचा हक्क दिला आहे तो ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिका’ला. रुग्णाचा तेथे उल्लेख नाही. नियमापेक्षा कायदा श्रेष्ठ, या न्यायाने रुग्णांची अपिले आयोगाकडून परत पाठवण्यात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने नवी आचारसंहिता काढली व तीन आठवड्यांतच ती स्थगित करून २००२ ची जुनी पुन्हा लागू केली. परंतु कायद्याच्या कलमात राहिलेली उणीव नियमांच्या अदलाबदलीने भरून येत नाही.

परिणाम असा की परिषदेने डॉक्टरला दोषी ठरवले तर तो वर जाऊ शकतो; निर्दोष ठरवले तर गडचिरोलीच्या त्या शिक्षकाला कायद्याच्या या शिडीवर पुढची पायरीच नाही. त्याने उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा, असे म्हणता येईल. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे ज्या समाजात म्हटले जाते, तेथे मासिक पगारावर जगणाऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय.

वकिलांच्या बाबतीत कायद्याची दृष्टी निराळी आहे, हे येथे मुद्दाम लक्षात आणून द्यावयास हवे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे सदतिसावे कलम राज्य वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीच्या आदेशाने व्यथित झालेल्या ‘कोणाही व्यक्ती’ला अपिलाची मुभा देते. या शब्दांचा अर्थ लावण्याचा प्रसंग महाराष्ट्रातूनच उद्भवला. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांबाहेर अशिलांना गाठून कामे मिळवणाऱ्या काही वकिलांना महाराष्ट्राच्या वकील परिषदेने निलंबित केले होते. भारतीय वकील परिषदेने तो निर्णय फिरवला. राज्य परिषद त्याविरुद्ध दाद मागू शकते काय, असा प्रश्न निघाला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘होय’ असे उत्तर दिले. परिषद ही भांडणातील पक्ष नसली, तरी व्यवसायाची प्रतिष्ठा आणि जनतेचे हित यांची ती राखणदार आहे, म्हणून तीही ‘व्यथित’ होऊ शकते, असे त्यामागील तत्त्व होते. शिस्तभंगाची चौकशी हा दोन खाजगी व्यक्तींमधील तंटा नसून सार्वजनिक हिताचा विषय आहे, हे ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वी सांगितले, त्याच देशात रुग्णाला मात्र आज ‘तुमचा येथे संबंध काय?’ असे ऐकावे लागते.

अर्थात वकिलांच्या परिषदांचा कारभारही आदर्श आहे असे नव्हे. तक्रार एका वर्षात निकाली निघाली नाही तर ती भारतीय वकील परिषदेकडे वर्ग व्हावी, असे त्यांच्या कायद्यात आहे. प्रत्यक्षात त्यामुळे गठ्ठे मुंबईहून किंवा बंगळुरूहून दिल्लीला गेले, इतकेच घडले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्य परिषदांना एका वर्षाच्या मुदतीची आठवण करून द्यावी लागली. तात्पर्य, मुदत लिहून ठेवणे सोपे. ती पाळण्यास माणसे आणि पैसा लागतो.

‘डॉक्टरच डॉक्टरला जाणतो’

परिषदांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो सहजासहजी झटकून टाकण्यासारखा नाही. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली की चूक झाली, हे सामान्य माणसाला कसे कळणार? शरीर म्हणजे यंत्र नव्हे. उत्तम उपचार होऊनही रुग्ण दगावतो. रागाच्या भरात केलेल्या, बिल बुडवण्यासाठी केलेल्या तक्रारीही असतात. हे सारे खरे आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते इतकेच की चौकशीत डॉक्टर असावयास हवेत. चौकशीत फक्त डॉक्टरच असावेत, असे त्यातून निघत नाही. उपचाराचे प्रमाण कोणते, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे. कागद वेळेवर दिले की नाही, संमतीपत्रावर सही घेताना धोका समजावून सांगितला की नाही, सुनावणी लांबवली कोणी, या प्रश्नांची उत्तरे देण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. निवृत्त न्यायाधीश किंवा सुबुद्ध नागरिकही ती देऊ शकेल.

शिवाय मनुष्यस्वभावाचा विचार करावयास हवा. परिषदेवर प्रामुख्याने डॉक्टरच असतात आणि त्यांतील पुष्कळजण डॉक्टरांच्याच मतांवर निवडून येतात. ज्यांनी न्यायासनावर बसावयाचे त्यांनी ज्यांचा न्याय करावयाचा त्यांच्याकडेच मते मागावयाची, अशी ही रचना आहे. तज्ज्ञ म्हणून मत देणाऱ्याला त्याच शहरात व्यवसाय करावयाचा असतो. ज्याच्याविरुद्ध मत द्यावयाचे तोच उद्या त्याच्याकडे रुग्ण पाठवणार असतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. येथे कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणसालाही जेथे कठोर होणे महाग पडते आणि सौम्य होणे फुकट पडते, तेथे सौम्यपणा वाढतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

ज्या इंग्लंडच्या नमुन्यावर १९१२ चा मुंबई वैद्यक कायदा झाला, त्या इंग्लंडचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथील जनरल मेडिकल कौन्सिल १८५८ च्या कायद्याने स्थापन झाले. १९२६ पर्यंत त्यावर डॉक्टर नसलेला एकही सभासद नव्हता. ब्रिस्टलच्या रुग्णालयातील बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांचे प्रकरण १९९० च्या दशकात उघडकीस आले, पुढे एका डॉक्टरनेच अनेक रुग्णांचे खून केल्याचे सिद्ध झाले आणि जनतेचा विश्वास ढासळला. तेव्हा त्या देशाने तीन गोष्टी केल्या. कौन्सिलवर निम्मे सभासद डॉक्टरेतर असावेत असे ठरवले. २०१२ पासून आरोप ठेवणारे आणि निवाडा करणारे वेगळे केले. आणि निवाडा जनहिताच्या दृष्टीने अतिसौम्य वाटला तर तो उच्च न्यायालयापुढे नेण्याचा अधिकार एका स्वतंत्र प्राधिकरणाला दिला. यामुळे इंग्लंडमधील डॉक्टरांची प्रतिष्ठा बुडाली नाही. तेथेही चौकशा लांबतात, डॉक्टरांवर त्याचा ताण येतो, अशा तक्रारी आहेतच. परंतु ‘आपसांत मिटवले’ हा आरोप करणे तेथे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

आपल्याकडे आत्मशिस्तीत कसूर करणाऱ्या व्यवसायाचे काय होते, याचे उदाहरण सनदी लेखापालांच्या बाबतीत घडले आहे. २००९ च्या सत्यम प्रकरणानंतर मोठ्या कंपन्यांच्या हिशेबतपासनिसांची चौकशी त्यांच्याच संस्थेकडे ठेवावी काय, असा प्रश्न उभा राहिला आणि २०१८ मध्ये सरकारने त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन केले. व्यवसायाने आपले घर वेळीच झाडले नाही, तर झाडू सरकारच्या हाती जातो. प्रस्तुत लेखकाला सरकारी झाडूचे आकर्षण नाही. म्हणूनच वेळ आहे तोवर वैद्यकीय व्यवसायाने स्वतः हालचाल करावी, असे वाटते.

काय करता येईल?

पहिली सुधारणा चौकशी समितीच्या घडणीची. प्रत्येक समितीवर डॉक्टरांबरोबर निदान एक निवृत्त न्यायिक अधिकारी व एक डॉक्टरेतर नागरिक असावा आणि तज्ज्ञमत दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टरकडून घ्यावे. दुसरी, सहा महिन्यांची मुदत पाळण्यासाठी पूर्णवेळ चौकशी अधिकारी नेमावेत आणि सुनावण्या नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथेही घ्याव्यात. डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्या शुल्कातील काही भाग यासाठी राखून ठेवणे अशक्य नाही. तिसरी सुधारणा प्रसिद्धीची. वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, सरासरी किती काळ लागला, कोणती कारवाई झाली, याचा तक्ता आणि प्रत्येक निर्णयाची सकारण प्रत परिषदेने दरवर्षी लोकांपुढे ठेवावी. रुग्णाचे नाव वगळावे. ज्या संस्थेचा हिशेब प्रसिद्ध होत नाही, तिच्याविषयी अफवा प्रसिद्ध होतात.

या तीन गोष्टी बव्हंशी राज्याच्या हातातील आहेत, कारण १९६५ चा अधिनियम विधिमंडळाचाच आहे. चौथी मात्र दिल्लीत व्हावयास हवी. २०१९ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमात ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’ या शब्दांपुढे ‘किंवा तक्रारदार’ एवढे दोनच शब्द घातले, तर गेलेला हक्क परत येतो. त्यासाठी आयोग नेमावयास नको आणि अंदाजपत्रकात तरतूदही नको.

या सुधारणांचा लाभ एकट्या रुग्णाला मिळेल, असे समजण्याचे कारण नाही. ज्या डॉक्टरने काहीही चूक केलेली नाही, त्याच्या डोक्यावर चार-चार वर्षे तक्रार टांगती राहणे हाही अन्यायच आहे. रुग्णालयांवरील हल्ल्यांचे प्रकार वारंवार घडतात. त्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. तरी हल्ले थांबलेले नाहीत. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु ज्याला आपले म्हणणे कोठे तरी नीट ऐकून घेतले जाईल आणि ठरल्या मुदतीत उत्तर मिळेल अशी खात्री आहे, तो माणूस काचेवर दगड मारण्याआधी दोनदा विचार करतो. ती खात्री पोलीस देऊ शकत नाहीत. ज्यांनी सनद दिली, त्यांनीच ती द्यावयास हवी.